चूल बाईची, मग छप्पर कोणाचं?

विदर्भ म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर ऊनच येतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या घरांत ऊब कशी टिकेल यावर लिहायचंय म्हटलं, तर पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी हसतात. पण घाटावरच्या चिखली, मेहकर, बुलढाणा तालुक्यांत पौष-माघाच्या पहाटे काय गारठा असतो ते टिनाच्या घरात निजणाऱ्या बाईला विचारावं. टिनाच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि थेंब थेंब अंथरुणावर पडतं. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर, नांदुरा, शेगावकडे, मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा अशाच टिनाखाली चूल पेटलेली असते. हिवाळ्यात ज्या घरात ऊब राहत नाही तेच घर उन्हाळ्यात भट्टी होतं. दोन्हीचं कारण एकच, छप्पर. आणि त्या छपराखाली सगळ्यांत जास्त तास काढते ती बाई.

आपल्या चळवळीने दारू, मारझोड, जमीन, रेशन, पाणी, सगळे प्रश्न हाती घेतले. चूलही घेतली, पण ती प्रतीक म्हणून. 'चूल आणि मूल' हे शब्द आपण इतक्या भाषणांत वापरले की खरीखुरी मातीची, धुराची चूल त्यांच्यामागे दिसेनाशी झाली. ती आपण तंत्रज्ञांच्या आणि सरकारी योजनांच्या हवाली केली. छपराचा विचार तर आपण केलाच नाही. घरकुल मिळालं की नाही, यादीत नाव आलं की नाही, एवढंच पाहिलं. मिळालेल्या घराच्या आत बाई कशी राहते, कुठे शेकते, कशाने खोकते, हे विचारायचं राहून गेलं.

थंडीत गावात ऊब कोणाच्या वाट्याला कशी येते ते आधी पाहू. पारावर, चौकात, हॉटेलच्या पुढ्यात शेकोटी पेटते ती पुरुषांची. तिच्यात बाभळीचं खोड जातं, जुनं टायरही जातं. त्या सरपणाचा हिशेब कोणी विचारत नाही. घरात मात्र सुनेने पऱ्हाटीची एक पेंढी जास्त लावली तर सासू बोलते. (एकाच कामाला बाईसाठी एक न्याय आणि पुरुषासाठी दुसरा, हे बुलढाण्याच्याच ताराबाई शिंद्यांच्या नजरेतून सुटलं नसतं. 'स्त्रीपुरुष तुलना' त्यांनी १८८२ सालीच छापली.) बाईची शेकोटी म्हणजे तिची चूल. ऊब हवी तर धूर घ्यायचा, असा तिच्यापुरता सौदा आहे. आंघोळीचं पाणी तापवायला ती घरात सगळ्यांच्या आधी उठते, आणि सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर उरलेल्या कोमट पाण्यात स्वतःची उरकते.

या पाण्याविषयी थोडं थांबून बोललं पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ साली महाराष्ट्रातली जवळजवळ ८० टक्के घरं स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरतात असं आढळलं. आनंदाची गोष्ट आहे. पण पाहणीतला प्रश्न असतो तो स्वयंपाकाच्या मुख्य इंधनाचा. आंघोळीचं पाणी, गुरांचं आंबवण, लग्नाकार्याचा स्वयंपाक, आणि 'चुलीवरचीच चांगली लागते' म्हणून रोजची भाकर, हे त्या प्रश्नात येत नाही. गॅसवर चहा आणि भाजी होते, मागच्या पडवीत चूल चालूच राहते. गॅस आला म्हणजे धूर गेला असं मानणारे अधिकारी सकाळी सहाला गावात येत नाहीत.

आणि जळतं काय? घाटाखाली अजून कापूस आहे, म्हणून पऱ्हाटी आहे. पऱ्हाटी भसाभस जळते, सारखी सारावी लागते, त्यामुळे चुलीपुढून हलता येत नाही. तुराट्यांचंही तेच. गोवरी धरून जळते पण धूर भयंकर. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर कृषी खातं सांगू लागलं की पऱ्हाट्या घराजवळ रचून ठेवू नका, अळीचे कोष त्यात राहतात. शास्त्र म्हणून बरोबर आहे. पण पऱ्हाटी नाही तर चुलीत काय घालायचं, हे त्या पत्रकात नव्हतं. घाटावर सोयाबीन आलं तसा कापूस हटला. सोयाबीनचं मळणीयंत्रात कुटार होतं, सरपण होत नाही. पीक बदललं तेव्हा बाईचं इंधनही बदललं, ही नोंद कोणत्याही पीकपाहणीत नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावच्या खारपाणपट्ट्यात तर आणखी एक दुखणं. तिथल्या जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. पाणी खारं म्हणून चूल जास्त वेळ पेटते, आणि चूल जास्त वेळ पेटते म्हणून डोळे जास्त वेळ चुरचुरतात. पाणीपुरवठा, शेती आणि आरोग्य या तीन खात्यांच्या गोष्टी एकाच बाईच्या छातीत जमा होतात. लाकूड, शेण आणि कोळशाच्या घरगुती धुरामुळे भारतात २०१९ या एका वर्षात सुमारे ६ लाख मृत्यू झाले, असा अंदाज अभ्यासकांनी काढला आहे.

आपल्याकडे घरातली एकच खोली मुद्दाम तापवली जाते, ती बाळंतिणीची. दारं-खिडक्या बंद, फटीत चिंध्या कोंबलेल्या, बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओवा, शेपा, बाळंतशेपांची धुरी. शेक दिला की अंग भरून येतं, ही आजीबाईंची समजूत सगळीच चुकीची नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला स्वतःची ऊब धरता येत नाही, त्याला उबेची गरज असतेच. चूक आहे ती ऊब देण्याच्या रीतीत. बंद खोलीत निखारे धुमसले की जो वायू तयार होतो त्याला ना रंग ना वास. माणूस झोपेतच जातो. शेगडी पेटवून बंद खोलीत झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येतात. ज्यांचा जीव जात नाही त्यांची छाती भरते. बाळ खोकतं आणि घरातले म्हणतात, वारं लागलं, अजून बंद करा.

पण एवढं बंद का करावं लागतं? कारण घर ऊब धरत नाही. टिनाखाली दिलेली ऊब वर जाते आणि टिनातून निघून जाते. खोली कोंडायची, शेगडी रात्रभर ठेवायची, हे सगळं छपराचं काम शेगडीकडून करून घेण्यासाठी. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचं काम उभं केलं. त्यात बाळाला उबेत ठेवायला पिशवीसारखं उबदार पांघरूण होतं, त्याला शेगडी लागत नव्हती. आईच्या छातीशी बाळ उघड्या अंगाने धरायची रीत आता आशाताईही शिकवतात. हे बायकांपर्यंत पोचलंय. छपराचं मात्र कोणीच काही शिकवलेलं नाही.

जुनं धाब्याचं घर आठवणाऱ्या बाया अजून आहेत. सागाच्या सऱ्या, वर कडक्या, त्यावर फूटभर पांढरी माती. उन्हाळ्यात दुपारी आत गेलं की डोळे शांत व्हायचे, हिवाळ्यात संध्याकाळची ऊब पहाटेपर्यंत टिकायची. माती दिवसाचं ऊन सावकाश आत सोडते आणि रात्रीचा गारवाही तसाच सावकाश येऊ देते. एवढंच तिचं गुपित. पण मी धाब्याचे गोडवे गाणार नाही. मिरगाच्या आधी दरसाल धाब्यावर माती घालायची, ती डोक्यावरून वाहणारी बाई, भिंतींना पोतेरं-सारवण करणारी बाई, आणि झडीच्या पावसात धाबं गळू लागलं की रात्रभर गंज-पातेली मांडणारीही बाईच. धाबं खचून माणसं दबलेलीही आहेत. सागवान मिळेनासं झालं आणि लोक टिनाकडे वळले, यात बायांनाही सुटल्यासारखं वाटलं. फक्त टिनाने जे नेलं त्याच्या जागी काही आलं नाही. तुराट्यांचा कूड जाऊन विटेची अर्धी भिंत आली, फूटभर माती जाऊन पातळ पत्रा आला.

घरकुलाचंही तेच. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण २०१६ साली आली तेव्हा घराचं किमान क्षेत्रफळ २० वरून २५ चौरस मीटर केलं आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरली. कागदावर हे चांगलंच. सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले, आणि तेवढ्यात बसवताना बहुतेक जण छपरावर वाचवतात. टिन टाकतात, नाही तर पातळ स्लॅब. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग खाली सोडत राहतो, म्हणून उन्हाळ्यात माणसं अंगणात झोपतात. पुरुष बिनघोर झोपतात. तरण्या मुली आणि सुना आतच, दार लावून. स्वयंपाकाची जागा म्हणजे गॅसचा ओटा. चुलीची जागा नाही, धूर जायला वाट नाही. मग घरामागे चार बल्ल्या रोवून पत्र्याची पडवी उभी राहते आणि बाई पुन्हा तिथेच, आता आणखी खालच्या टिनाखाली.

आता चुलीची गोष्ट. सुधारलेली चूल ही विदर्भाला नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने १९४७ च्या सुमारास धूर बाहेर काढणारी मगन चूल तयार केली होती. पुढे १९८३-८४ पासून केंद्र शासनाने सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला. २००२ साली केंद्राने त्यातून अंग काढून घेईपर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद आहे. महाराष्ट्रात पुण्याच्या 'आरती' संस्थेने 'लक्ष्मी'सारख्या चुलींचे नमुने आणि साचे तयार केले, कुंभारांना आणि बायांना शिकवलं. साध्या चुलीत लाकडातली जेमतेम दहावा भाग ऊब भांड्याला लागते, सुधारित चुलीत पाचवा भाग तरी लागावी अशी अट होती. म्हणजे निम्मं सरपण वाचायला हवं.

मग त्या चुली कुठे गेल्या? अहवाल सांगतात, देखभाल नव्हती, उद्दिष्टाचे आकडे भरायची घाई होती, चुलीचं तोंड आपल्या पातेल्याला बसत नव्हतं. सगळं खरं. पण बैठकींत बाया जे सांगतात ते अहवालांत नीट सापडत नाही. चूल बाईने स्वतःच्या हाताने घातली. माती तिची, हात तिचे, अर्ध्या दिवसाचं काम. पाइप आणला. पाइप छपरातून वर काढायची वेळ आली तेव्हा घरचा पुरुष म्हणाला, "टिनाले भोक पाडलं तं मिरगात पानी घरात यीन, मंग कोन पाह्यते?" आणि पाइप कोपऱ्यात उभा राहिला. कुठे त्याचा उपयोग मोरीचं पाणी काढायला झाला. कुठे तो छपराखालीच संपवला, म्हणजे धूर चुलीच्या तोंडातून यायचा तो आता डोक्यावरून खोलीत यायचा.

पुरुषाची भीती अगदीच खोटी नव्हती. टिनाला भोक पाडून भोवती पत्र्याची कॉलर आणि डांबर नीट लावलं नाही तर पाणी गळतं. पाइप छपराच्या वर हात-दीड हात गेला नाही आणि त्याला टोपी नसली तर वारा धूर उलटा लोटतो. भिंतीतून बाहेर काढला तर गळत नाही, पण वळणावर काजळी धरते, ती महिन्याला काढावी लागते. हे सगळं गवंड्याला शिकवता आलं असतं. पण प्रशिक्षण ठेवलं ते चुलीचं, आणि बायांना. छपराचं प्रशिक्षण कोणालाच नाही. योजना आखणाऱ्यांनी गृहीत धरलं की चूल बाईची आहे म्हणून धूरही बाईचाच प्रश्न. त्या धुराला जिथून बाहेर पडायचं ती जागा मात्र मालकाच्या ताब्यात होती. चूल आणि छप्पर जिथे भेटतात त्या चार इंचांच्या भोकात साडेतीन कोटींतल्या किती चुली अडकल्या असतील!

आणि चूल तरी खरोखर बाईची आहे का? जोवर ती मातीची, फुकटची असते तोवर. २०२४ साली राज्य शासनाने वर्षाला ३ सिलिंडर मोफत देणारी मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना जाहीर केली, आणि गॅसजोडणी बाईच्या नावावर हवी अशी अट घातली. तेव्हा कित्येक घरांत कळलं की जोडणी नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर आहे. नाव बदलण्यासाठी बायकांना एजन्सीत रांगा लावाव्या लागल्या. उज्ज्वला योजनेत, म्हणजे २०१६ पासून, जोडणी बाईच्या नावावर आली हे चांगलं झालं. पण सिलिंडर भरायचा की नाही हे ज्याच्या खिशात पैसे त्याने ठरवायचं. सोयाबीन विकलं की सिलिंडर येतो, पेरणीच्या दिवसांत तो रिकामा पडून राहतो.

आपल्यातल्याच काही मैत्रिणींचा आक्षेप मला माहीत आहे. त्या म्हणतात, चूल सुधारणं म्हणजे बाईला चुलीशी आणखी घट्ट बांधणं. मागणी करायची तर गॅसची करा, स्वयंपाकात पुरुषाच्या वाट्याची करा. दोन्ही मागण्या मला मान्य आहेत. पण पुरुष स्वयंपाकाला बसेपर्यंत बाईने धूर का घ्यावा, याचं उत्तर त्यात नाही. आणि छपराची मागणी तर बाईला कशालाच बांधत नाही. तापलेलं टिन तिच्या अभ्यास करणाऱ्या मुलीच्या, अंथरुणाला खिळलेल्या सासूच्याही डोक्यावर असतं.

बाहेर हे दोन्ही बाजूंनी तपासून झालं आहे. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात, जिथे उघडी चूल स्वयंपाकालाही असते आणि उबेलाही, तिथे २००२ ते २००४ या काळात काही घरांना चिमणीच्या चुली देऊन बाळांची तब्येत पाहिली. त्या घरांत बाळांचा गंभीर न्यूमोनिया साधारण एक तृतीयांशाने कमी आढळला. न्यूझीलंडमध्ये संशोधकांनी १,३५० जुन्या थंड घरांच्या छताला आणि फरशीखाली ऊब धरणारे थर लावले. २००७ साली त्यांनी दाखवलं की तेवढ्यानेच माणसांची दुखणी आणि मुलांचे शाळेतले खाडे कमी झाले. तिथे आधी घर ऊब धरणारं केलं, शेगड्यांचा विचार त्यानंतर. अहमदाबादच्या वस्त्यांत महिला हाउसिंग ट्रस्टने बायकांच्या गटांमार्फत पत्र्याच्या आणि स्लॅबच्या छपरांना पांढरा रंग देण्याचं काम केलं आहे. छपराचा निर्णय बायकांच्या बैठकीत होऊ शकतो, हे तिथे दिसलं.

आपल्या गावांत हे करायला फार मोठं काही लागत नाही. उन्हाळ्याआधी टिनाला वरून चुन्याचे दोन हात. टिनाखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचं किंवा तुराट्यांचं छत, त्याला खालून शेणामातीचं जाड लिंपण. मधली हवा उन्हाळ्यात ऊन अडवते, हिवाळ्यात ऊब. चुलीच्या वर मात्र हे करायचं नाही, ठिणगी जाते. तिथे उघडं टिन आणि पाइप. भिंतीत वरच्या बाजूला झरोका ठेवायचा आणि थंडीतही तो बुजवायचा नाही. तट्टे विणणारे बुरूड गावागावांत आहेत, त्यांच्या हाताला कामही मिळेल.

कायदाही थोडाफार आपल्या बाजूने आहे. घरकुल पत्नीच्या किंवा दोघांच्या नावावर मंजूर करण्याचा नियम आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. ती नुसती सह्यांपुरती होते हे आपल्याला ठाऊक आहे, पण ती होते. १ मेच्या ग्रामसभेआधी ती नीट भरवावी. त्यात यादी वाचून घ्यावी, कोणाच्या घरकुलाचं काम कुठवर आलं ते विचारावं. ज्यांचं छप्पर पडायचं बाकी आहे त्यांच्यासाठी ठराव घ्यावा, की गवंड्याला पैसे देताना त्या बाईची सही लागेल, आणि पाइपाचं भोक व झरोका ठेवल्याशिवाय छप्पर पुरं झालं असं मानायचं नाही. ठरावाची नक्कल ग्रामसेवकाकडून त्याच दिवशी घ्यावी. घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे सुटतात आणि दर टप्प्याला घराचा फोटो काढायला माणूस येतो. तो येईल त्या दिवशी बाईने मजुरीला न जाता घरी थांबावं, आणि पाइप कुठून जाणार ती जागा आदल्या दिवशीच भिंतीवर कोळशाने आखून ठेवावी.